किशोरकथेतील डोंगरवाट आणि मुलगी : लेण्याद्री–शिवनेरी परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

१. भूमिका

मराठी बालकुमार साहित्याची चर्चा आजवर प्रामुख्याने संस्कार, मनोरंजन आणि भाषेची सुगमता या तीन अंगांनी होत आली आहे. हे साहित्य वाचणारा ‘कुमार’ हा मुलगा आहे की मुलगी, हा प्रश्न त्या चर्चेत अभावानेच उपस्थित झाला. ‘कुमार’, ‘किशोर’, ‘बालवीर’ हे शब्द व्याकरणाने पुल्लिंगी आहेत, पण व्यवहारात ते दोघांनाही सामावून घेतात, असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात या शब्दांनी सूचित होणारा नायक बहुधा मुलगाच असतो आणि त्याची कथा वाचणाऱ्यांत मुलींची संख्या मात्र मोठी असते. या विसंगतीचा परिणाम मुलींच्या स्त्रीपुरुष-भूमिकांविषयीच्या कल्पनांवर कसा होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारासाठी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा, विशेषतः लेण्याद्री–शिवनेरीचा परिसर संदर्भ म्हणून घेतला आहे. त्याला कारण आहे. मराठी किशोरकथेचे आवडते स्थळ म्हणजे डोंगर, गड, गुहा, घाटवाट. हे सारे या परिसरात एकत्र आढळते. शिवाय येथील मुलीच्या दृष्टीने डोंगर ही केवळ पुस्तकातली गोष्ट नाही. तो तिच्या रोजच्या चालण्याचा भाग आहे. पुस्तकातला डोंगर आणि तिच्या पायाखालचा डोंगर यांत जे अंतर पडते, त्यातून किशोरकथेची भूमिकाविभागणी स्पष्ट दिसू लागते.

२. डोंगर चढण्याचे प्रयोजन

कुकडी नदीच्या खोऱ्यातील लेण्याद्री हे अष्टविनायकांपैकी डोंगरातील लेण्यात वसलेले एकमेव स्थान होय. सुमारे तीस बौद्ध लेण्यांच्या या समूहातील सातव्या लेण्यात, म्हणजे एका प्रशस्त विहारात, गिरिजात्मज गणपती आहे. पुत्रप्राप्तीसाठी पार्वतीने येथे बारा वर्षे तप केले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. ‘गिरिजात्मज’ हे नाव आईवरून पडलेले आहे, ही लक्षणीय गोष्ट आहे; परंतु त्याच नावाने गिरिजेची ओळखही आईपणात स्थिर केली आहे. एका स्त्रीने डोंगरावर एकटीने बारा वर्षे काढली, हा या कथेतील केवढा तरी मोठा भाग. पण सांगताना तो प्रयोजनात विरून जातो. स्त्रीचा डोंगर मान्य होतो तो पुत्रासाठी.

समोरच शिवनेरी आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी तेथे शिवाजीराजांचा जन्म झाला. धामधुमीच्या काळात गरोदर जिजाबाई या गडावर राहिल्या, हे प्रत्येक मराठी मुलाला शाळेतच समजते. किशोरांसाठी लिहिलेल्या शिवचरित्रपर कथा-कादंबऱ्यांतून जिजाऊंची जी प्रतिमा घडली, तिचे केंद्र बाळाला रामायण-महाभारतातील कथा सांगणारी आई हे आहे. ही प्रतिमा खोटी नाही, पण ती अपुरी आहे. पुणे जहागिरीच्या कारभारातील जिजाबाईंचा सहभाग, वतनांच्या तंट्यांत त्यांनी घातलेले लक्ष, १६६६ मध्ये महाराज आग्ऱ्यास गेले असता राज्याची त्यांच्यावर असलेली जबाबदारी हा इतिहासाचा भाग आहे. किशोरकथेत तो एखाद्या वाक्यात उरकतो आणि पाळण्याच्या प्रसंगाला मात्र प्रकरण मिळते.

याचा परिणाम असा होतो की एकच कथा मुलाला आणि मुलीला वेगवेगळा संदेश देते. मुलाला ती सांगते, ‘तू शिवाजी हो’. मुलीला सांगते, ‘तू शिवाजीची आई हो’. पहिल्या उपदेशात कर्तृत्व स्वतःचे आहे, दुसऱ्यात ते पुढच्या पिढीवर सोपविलेले आहे. ‘शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात’ ही म्हण समाजाच्या भिडस्तपणाला उद्देशून असली, तरी तिच्यातही घर कोणाचे, जन्म देणारी कोण आणि जन्मणारा कोण, याविषयी संदेह नाही.

आता याच परिसरातील तिसरी चढण पाहावी. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, महादेव कोळी वस्त्यांतून, मुली सरपणासाठी, पाण्यासाठी, गुरांमागे डोंगर चढतात. हिरड्याच्या हंगामात कुटुंबाबरोबर रानात जातात. चढण तीच, घसरण तीच, वाटेतले साप-विंचूही तेच. परंतु मराठी किशोरकथेच्या संकेतांनुसार मुलाने डोंगर चढणे हे ‘साहस’ आणि मुलीने चढणे हे ‘काम’. साहस म्हणजे गरज नसताना, स्वतःच्या कुतूहलाने घराबाहेर पडणे. जिच्या घराबाहेर पडण्याला नेहमी घराचेच कारण असते, तिच्या चालण्याचे कथानक होत नाही. गिरिजेची, जिजाऊंची आणि मोळी आणणाऱ्या मुलीची चढण यांत कितीही अंतर असले, तरी सांगण्याच्या रीतीने तिघींनाही एकच स्थान दिले आहे. तिघी चढतात त्या कोणासाठी तरी.

किशोरकथेतील भूमिकाविभागणीचे मूळ येथे आहे. मुलगी भित्री दाखविली जाते की शूर, हा प्रश्न दुय्यम ठरतो. कोणाच्या हालचालीला कथेचे मूल्य आहे, हा प्रश्न पहिला.

३. साहसकथेची रचना

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा ‘फास्टर फेणे’ हा मराठी किशोर साहसकथेचा सर्वांत लोकप्रिय नायक. फुरसुंगीचा, म्हणजे पुणे जिल्ह्यातलाच, हा किडकिडीत मुलगा सायकलवरून निघतो आणि प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत संचार करतो. या कथांचे गुण वादातीत आहेत. फेणे बलदंड नाही, श्रीमंत नाही; त्याचे बळ चपळाईत आणि डोके चालविण्यात आहे. पुरुषार्थाची रूढ, आडदांड कल्पना भागवतांनी त्याच्यापुरती मोडीत काढली, याची नोंद अवश्य घ्यावी लागेल. पुढे दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’नेही ही परंपरा शहरी खोडकरपणाच्या अंगाने चालविली. फेण्याच्या जगात मालीसारखी चुणचुणीत मुलगी आहे. परंतु तिला फेण्याची सायकल नाही. संकट तिच्या वाट्याला येऊ शकते. संकटाच्या शोधात निघण्याची मुभा तिला नाही.

ही लेखकाची व्यक्तिगत उणीव मानणे अन्यायाचे होईल. साहसकथेला नायक रात्री-बेरात्री, एकटा, अनोळखी ठिकाणी असावा लागतो. अशा ठिकाणी मुलगी ठेवताच मराठी वाचकाच्या मनात साहसाच्या जागी भलतीच भीती उभी राहते आणि कथेचा सूर बदलतो. समाजाने मुलीच्या वावरावर घातलेले बंधन अशा रीतीने वाङ्मयप्रकाराचा नियम होऊन बसते. नियम झाल्यावर ते बंधन आहे हेच दिसेनासे होते.

याला अपवाद नव्हते असे नाही. ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’बरोबरच ‘चिंगी’ही लिहिली आणि मुलीच्या नावाचे पुस्तक मुलांच्या हाती दिले. मात्र मराठी समाजाच्या स्मरणात जे स्थान गोट्याला मिळाले, ते चिंगीला मिळाले नाही. ‘मुलांचे पुस्तक मुली वाचतात, पण मुलींचे पुस्तक मुलगे वाचत नाहीत’ हा व्यवहारी समज येथे परिणामकारक ठरला असणे संभवते. या समजाला जितकी मान्यता मिळते, तितकी नायिकांची संख्या घटते. आणि नायिका घटल्या की समज अधिक पक्का होतो.

४. वाचणारी मुलगी

मुलीने वाचणे हीच एके काळी बंडखोरी होती. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथात, लिहिणे-वाचणे शिकताना घरातील स्त्रियांकडून झालेला विरोध तपशिलाने आला आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या, ‘करमणूक’मधून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत यमू आपली कथा बालपणापासून स्वतः सांगते. मराठी कादंबरीत मुलीचे बालपण प्रथमपुरुषी निवेदनातून एवढ्या विस्ताराने आले, हे तिचे मोठे वैशिष्ट्य. ताराबाई शिंदे यांनी तर १८८२ मध्येच ‘स्त्रीपुरुष तुलना’ या निबंधात तत्कालीन कथा-नाटकांतील स्त्रीचित्रणाची झडती घेतली होती. वाङ्मय स्त्रीविषयीच्या कल्पना घडविते, हे मराठीत त्या वेळेपासून सांगितले गेले आहे.

आज मुलगी वाचते यात नवल राहिलेले नाही. प्रश्न आहे तो ती कशी वाचते हा. अमेरिकन समीक्षिका ज्युडिथ फेटर्ली यांनी १९७८ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. पुरुषकेंद्री कथा वाचताना स्त्री-वाचकाला पुरुषाच्या दृष्टीने पाहावे लागते, आणि त्या दृष्टीत स्त्री ही ‘दुसरी’ असल्याने वाचक स्त्रीला स्वतःच्याच विरुद्ध पक्षात उभे राहावे लागते, असा त्या विचाराचा मथितार्थ आहे. फेणे वाचणारी मुलगी फेणे होते. माली होत नाही. ती सायकलवर बसते, भुयारात शिरते, चोरांना चकविते. पुस्तक मिटले की ती पुन्हा मुलगी होते.

या अनुभवाचे मूल्यमापन दुहेरी करावे लागेल. एका बाजूने ही उसनी का होईना पण खरी मोकळीक आहे. घरात, अंगणात, पाणवठ्यावर बांधलेल्या मनाला तिने आवाका दिला. मुलगा होऊन वाचल्यामुळेच अनेक मुलींना धाडसाची चव कळली असणार. दुसऱ्या बाजूने, या मोकळिकीची एक अट आहे. ती भोगताना आपण मुलगी आहोत हे विसरावे लागते. त्यामुळे ‘धीट मुलगी’ म्हणजे ‘मुलासारखी मुलगी’ असे समीकरण मनात रुजते. कर्तबगार लेकीला ‘माझा मुलगाच’ म्हणून गौरविण्याची आपली घरगुती रीत याच समीकरणाची दुसरी बाजू आहे. त्या गौरवात मुलगी असणे ही ओलांडून जाण्याची उणीव मानलेली असते.

५. सीमा ओलांडणारी पुस्तके

मराठी मुलामुलींनी आपलीशी केलेल्या तीन पुस्तकांत ही विभागणी थोडीफार हललेली दिसते. ती कोठे हलते आणि कोठे थांबते, हे पाहणे उद्बोधक आहे.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची पहिलीच रात्र ‘सावित्री-व्रत’ ही आहे. आजारी आईला वडाला प्रदक्षिणा घालणे शक्य नसल्याने ती श्यामला आपल्या वतीने त्या घालावयास सांगते. मुले हसतील म्हणून तो लाजतो. आई त्याची लाज दूर करते. बायकांचे म्हणून ठरलेले काम मुलाने करण्यात कमीपणा नाही, हा संस्कार मराठीतील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एकाच्या आरंभीच आहे. पत्रावळ लावावयास शिकविणारी आईही तीच. मात्र पोहायला भिणाऱ्या श्यामला मारून विहिरीकडे पिटाळणारीही तीच आई आहे. मुलाने भित्रे असू नये, याबद्दल तिची तडजोड नाही. शिवाय श्याम सीमा ओलांडतो तो मातृभक्तीच्या आधाराने. व्रत पतीसाठी असते, ते बाईनेच का करावे, हा प्रश्न कथेच्या कक्षेबाहेर राहतो. काम बदलता येते, कामामागची व्यवस्था नाही, अशी ही मर्यादा आहे. तरीही मुलाला स्त्रीच्या कामात शिरू देणारी ही वाट पुढील किशोरकथेने फारशी वापरली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

लुइझा मे अल्कॉटच्या १८६८-६९ मधील कादंबरीचा शांता शेळके यांनी केलेला ‘चौघीजणी’ हा अनुवाद मराठी मुलींच्या कित्येक पिढ्यांचे आवडते पुस्तक ठरला. त्यातील जो मुलगा नसल्याची खंत बाळगते, लिहिते, केस विकून आईच्या हाती पैसे ठेवते. फ्रान्समधील सिमोन द बोव्हार यांनीही बालपणी आपण जोशी एकरूप झालो, असे आत्मचरित्रात नमूद केले आहे. स्वतः अविवाहित राहिलेल्या अल्कॉटला जोनेही लग्नाविना लेखिका म्हणून राहावे असे वाटत होते. वाचक मुलींचा आग्रह तिच्या लग्नाचा होता. शेवटी जोचे लग्न झाले. या घटनेत मोठा बोध आहे. वाचकांच्या अपेक्षा आधीच्या पुस्तकांनी घडविलेल्या असतात, आणि त्या अपेक्षा पुढच्या नायिकेला घरी परत आणतात.

तेत्सुको कुरोयानागी यांचे १९८१ मधील ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादातून मराठीत आले. खिडकीत उभी राहते, वर्गात स्वस्थ बसत नाही म्हणून शाळेतून काढलेली ही मुलगी तोमोए शाळेत फुलते. पोलिओ झालेल्या यासुआकीचानला ती खटपट करून झाडावर चढविते, हा प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. येथे मुलगी चढते, मुलाला चढविते, आणि तरीही तिला ‘मुलासारखी’ व्हावे लागत नाही. तिचे चढणे काम नाही, तिच्या स्वतःच्या आनंदाचा भाग आहे. तिच्या वेण्या ओढणाऱ्या मुलाला मुख्याध्यापक समज देतात, तेव्हा दुरुस्ती मुलाच्या वागण्यात होते. मुलीने जपून राहावे असे सांगितले जात नाही. किशोरकथा हे करू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

६. चिंता कशाची वाटली?

किशोरवयीनांच्या वाचनाविषयी मराठी समाज उदासीन होता असे म्हणता येणार नाही. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये कथा अश्लील नसल्याचा निर्णय झाला. कोवळ्या मनावर काय परिणाम होईल, हा मुद्दा त्या निमित्ताने गंभीरपणे चर्चिला गेला. भाडोत्री वाचनालयांतून मुली कोणत्या कादंबऱ्या आणतात, यावर घराघरांत पाळत असे. मात्र ही सारी चिंता शृंगाराची होती. सोशिक नायिका, तिला मिळणारे सुयोग्य स्थळ आणि त्यातच होणारी कथेची इतिश्री यांनी मुलीच्या मनावर काय परिणाम होतो, याची धास्ती कोणाला वाटली नाही. अशी पुस्तके ‘सोज्ज्वळ’ म्हणून निर्धास्तपणे हाती दिली जात.

अलीकडच्या काळात दृष्टी बदलल्याच्या खुणा दिसतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकातील चित्रांत भाजी निवडणारे वडील आणि आई एकत्र दाखविले, त्याची महाराष्ट्रात बरीच चर्चा झाली. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकासारखे सकस साधनही त्याच संस्थेकडे आहे. परंतु चित्रात पुरुषाला स्वयंपाकघरात आणणे तुलनेने सोपे असते. कथेत मुलीला गडावर, तेही एकटीला, आणि केवळ तिच्या मर्जीने पाठविणे अवघड आहे. कारण तेथे एक चित्र बदलून भागत नाही, सबंध कथानक बदलावे लागते.

७. परिसरातील अनुपयोजित साधनसामग्री

या बदलासाठी परक्या प्रदेशाकडेच पाहावे लागते असे नाही. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील मानला जाणारा लेख आहे. यज्ञांची आणि दक्षिणांची लांबलचक यादी देणाऱ्या या लेखात राजसत्तेची भाषा आहे. त्यातच तिचा व्रतस्थपणा आणि मातृत्व यांचेही वर्णन आहे. म्हणजे कर्तृत्ववान स्त्रीला व्रताच्या चौकटीत बसविण्याची रीत दोन हजार वर्षांची आहे, हेही तेथेच वाचावयास मिळते. जुन्नर परिसरातील कोरीव लेखांत नगरातील भिक्षुणींच्या निवासाचा उल्लेख येतो. घर सोडून स्वतःच्या निश्चयाने निराळे जीवन पत्करणाऱ्या स्त्रिया या मातीत होत्या, याचा तो पुरावा. पुणे येथील फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या किशोरवयीन विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त प्रसिद्ध झाला. जिला किशोरकथेची नायिका होता आले असते, ती येथे स्वतःच लेखिका आहे.

जिजाऊंइतकी यांतील कोणीही मुलांच्या कथाविश्वात घरोघरी पोहोचली नाही. त्यांच्यावर कथा लिहिताना जुनाच साचा वापरला, तर नागनिका ही केवळ राजपुत्रांची आई उरेल आणि मुक्ता ही केवळ गुणी विद्यार्थिनी. म्हणून विषय बदलणे पुरेसे नाही. पाहण्याची जागा बदलली पाहिजे. आज गावातली शाळा संपल्यावर पुढील शिक्षणासाठी दुसऱ्या गावी एस.टी.ने जाणाऱ्या मुली या तालुक्यांत सर्वत्र दिसतात. अहिल्याबाई होळकर योजनेतून त्यांना मोफत पास मिळतो. शासनाने त्या प्रवासाची दखल घेतली. चुकलेली गाडी, पावसातली वाट, घरी द्यावयाची उत्तरे आणि तरीही दुसऱ्या दिवशी निघण्याची जिद्द यांनी भरलेला तो प्रवास किशोरकथेच्या दृष्टीने अद्याप ‘साहस’ ठरावयाचा आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. एक, लोकप्रिय किशोरकथा मुलींना भूमिका शिकविते ती उपदेशाने कमी आणि कथानकाच्या रचनेने अधिक; कोणाच्या घराबाहेर पडण्याला कथा मानावयाचे, यातच ती शिकवण दडलेली असते. दोन, मुलाशी एकरूप होऊन वाचण्यातून मुलीला मोकळीक मिळते, पण ती स्वतःला वजा करून मिळते. तीन, शूर मुलगी कथेत आणल्याने प्रश्न सुटत नाही. तिला शेवटी कोठे आणि कोणत्या कारणाने परत आणले जाते, ही पुस्तकाची खरी कसोटी होय. चार, मुलाला घरातील कामात शिरू देणारी ‘श्यामची आई’ची वाट ही मुलीला घराबाहेर नेणाऱ्या वाटेइतकीच महत्त्वाची आहे, एक बंद ठेवून दुसरी खुली होणार नाही.

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढणाऱ्या शाळकरी मुलींना तेथे गिरिजेच्या तपाची कथा ऐकावयास मिळते. ती कथा पुत्रप्राप्तीने संपते. त्या बारा वर्षांत त्या डोंगराने गिरिजेला काय दिले असेल, असे विचारावेसे वाटणारी एखादी मुलगी त्यांत असतेच. तिला उत्तर देणारी कथा मराठीत लिहिली जाणे, हे बालकुमार साहित्यापुढील आजचे कार्य आहे.